काहिलीपुढे कॅमेरा मांडण्याआधी

ताई, नमस्कार. आमचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे. सासऱ्यांच्या काळापासून धंदा चालू आहे. गेली चार वर्षं मी आणि माझे मिस्टर हायड्रॉस, म्हणजे गूळ पिवळा करणारी पावडर, न घालता गूळ करतोय. पुण्या-मुंबईची शंभरएक घरं कायमची गिऱ्हाईक झालीत. नवं गिऱ्हाईक मात्र फोनवर दोनच गोष्टी विचारतं, गूळ काळा का आणि चहा फाटतो का. आता दुकानांत माल ठेवायचाय, म्हणून बचत गटातून कर्ज उचलून ४५ हजारांत व्हिडिओ करायचं ठरवलंय. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टीम दोन दिवस येणार, बारा दिवस उरलेत. मिस्टर म्हणतात शेड रंगवू, सगळ्यांना सारखे टी-शर्ट आणू, ड्रोन उडवू, बोलायला इंग्रजी येणारी मुलगी आणू. मामा, म्हणजे माझे सासरे, म्हणतात मी कॅमेऱ्यापुढं बोलणार नाही. मी काय नेसू, काय बोलू, काही सुचत नाही. आमचा गूळ सेंद्रिय आहे, डायबेटिसवाल्यांनाही चालतो, असं सांगायचं ना? पैसे वाया जाऊ नयेत एवढंच वाटतं.
एक गुऱ्हाळवाली, करवीर

नमस्कार,

पत्रात एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात आणि माझं लक्ष तिथंच अडकलं. नवं गिऱ्हाईक दोनच गोष्टी विचारतं: गूळ काळा का, आणि चहा फाटतो का. तुमचा सगळा व्हिडिओ या दोन प्रश्नांचा आहे. रंगवलेली शेड, टी-शर्ट, ड्रोन, इंग्रजी बोलणारी मुलगी, यांतलं कुणीही त्याचं उत्तर देणार नाही. उत्तर तुमच्या काहिलीत, रस आटवायच्या त्या मोठ्या कढईत आहे, मामांच्या हातात आहे आणि तुमच्या स्वयंपाकघरात आहे. बारा दिवस भरपूर झाले, घाबरू नका.

आज रात्री जेवणं आटोपली की मोबाईल घेऊन बसा आणि वर्षभरात गिऱ्हाइकांनी पाठवलेले निरोप वाचून काढा. प्रत्येक प्रश्न वहीत लिहा, तोच पुन्हा आला की पुढे रेघ ओढा. पावसाळ्यात पाणी सुटतं का, मुंग्या लागतात का, किसायला कठीण जातो का, असले प्रश्नही निघतील. ज्यांच्यापुढे सगळ्यात जास्त रेघा, ते दोन-तीन प्रश्न मोठ्या व्हिडिओत घ्या. तीन मिनिटांत त्याहून जास्त मावत नाही. उरलेल्या प्रश्नांची एकेक रील होईल. दुकानदाराला काय हवंय तेही एका-दोघांना फोन करून विचारा. त्याला बहुतेक माल किती दिवस टिकतो आणि वर्षभर पुरवठा होईल का, एवढंच जाणून घ्यायचं असतं. हे पान दिग्दर्शकाला आठवडाभर आधी द्या. माझ्या बावीस वर्षांच्या शूटिंगच्या कामात असं पान हाती देणारे धंदेवाईक मला मोजकेच भेटले, आणि त्यांचेच व्हिडिओ चार-पाच वर्षांनंतरही चालू आहेत.

दुसरं काम, टीमला एकदा गुऱ्हाळावर बोलवा. याला आमच्यात रेकी म्हणतात. ‘फोटो पाठवा, भागेल’ असं ते म्हणाले तर ऐकू नका. फोटोत वाफ कळत नाही, ऊस पिळणाऱ्या चरकाचा आवाज कळत नाही, प्लग कुठे आहेत ते कळत नाही. गुऱ्हाळ चालू असताना या, आणि शूटच्याच वेळेला या, असा आग्रह धरा. त्या दिवशी कॅमेरा नको. त्यांनी नुसतं एक आधण, म्हणजे रस आटवायची एक खेप, सुरुवातीपासून उतरेपर्यंत बघावं.

हे बघणं फार गरजेचं आहे, कारण आधण कुणासाठी थांबत नाही हे तुम्हाला ठाऊक असलं तरी त्यांना नसतं. रस काहिलीत पडल्यापासून गूळ वाफ्यात, म्हणजे गार व्हायला ओततात त्या जागी, पडेपर्यंत अडीच-तीन तास जातात, पण डोळ्यांत भरण्यासारखं जे आहे ते शेवटच्या वीस मिनिटांत घडतं. रसावरची मळी काढून झालेली असते, फेस खाली बसतो, पाकाला जाड बुडबुडे येतात, वास बदलतो, गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, पाकाची गोळी बघतो आणि काहिल उतरते. ओतायला तर दोन-तीन मिनिटंच. ‘दादा, जरा पुन्हा एकदा ओता’ असं म्हणायची सोय नाही. म्हणून पहिल्या दिवशी दोन आधणं शूटसाठी धरा. पहिल्याला कॅमेरा लांबून, सगळं गुऱ्हाळ, माणसांची हालचाल, काहिल उतरताना. दुसऱ्याला अगदी जवळून: मळी काढणारा झारा, गोळी, ओतताना पडणारी धार. एकाच आधणात दोन्ही साधायला गेले की दोन्ही अर्धवट राहतात. त्यातून काही निसटलंच तर दुसऱ्या दिवशीचं सकाळचं एक आधण हाताशी असू द्या.

पहिलं आधण पहाटे पाचला चढवा. डिसेंबरात आपल्याकडे सातच्या सुमाराला उजाडतं, आठला काहिल उतरेल तेव्हा ऊन तिरपं असतं आणि शेडच्या उघड्या बाजूनं आत येतं. वाफेची गंमत अशी आहे की उजेड तिच्या मागून आला तरच ती दिसते. पुढून दिवा मारला तर सगळं चित्र पांढुरकं, मेलेलं होतं. कोणत्या बाजूनं सकाळचं ऊन येतं ते तुम्ही रेकीच्या वेळी दाखवून ठेवा, पुढचं कॅमेरामन बघेल. बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी याच कोल्हापुरात स्वतः कॅमेरा तयार करून सिनेमे काढले. त्यांचा मोठा आधारही सूर्याचा उजेडच होता. ४५ हजारांत मोठाल्या दिव्यांचा ट्रक येत नाही, आणि तुम्हाला त्याची गरजही नाही.

उजेडाबद्दल आणखी एक. शेडमधल्या जुन्या ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी कॅमेऱ्यात लुकलुकतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे कॅमेरामन शटर ५० वर ठेवून बरंच सांभाळून घेतो. तरीही एखादी ट्यूब चित्रात आडवे पट्टे पाडतेच. रेकीला सगळे दिवे लावून मोबाईलवर नाही, त्यांच्याच कॅमेऱ्यावर बघायला सांगा. जी ट्यूब त्रास देईल ती त्या दिवशी बंद.

चरक मोटारीवर असेल तर त्या आठवड्यात तुमच्या फीडरला थ्री फेज दिवसाची आहे की रात्रीची, ते वायरमनला आजच विचारा. रात्रपाळीच्या आठवड्यात टीम येऊन बसली आणि दिवसभर चरकच फिरला नाही, असं मी डोळ्यांनी बघितलंय. तारीख पुढं ढकलावी लागली तर आत्ताच ढकला. आणि कॅमेरा एसी गाडीतून थेट काहिलीजवळ आणला की काचेवर धुकं धरतं, पुसलं तरी पुन्हा येतं. पहाटे आल्या आल्या बॅगा उघडून अर्धा तास शेडमध्ये ठेवायला लावा.

आता आवाज. बहुतेक लोक तयारी करतात ती चित्राची, आणि व्हिडिओ बिघडतो तो आवाजानं. चित्र थोडं काळसर आलं तरी माणूस बघत राहतो, बोललेलं कळलं नाही की लगेच पुढं सरकवतो. चरक चालू असताना शेडमध्ये कुणाचंही बोलणं घेऊ नका. आधण उतरल्यावर चरक बंद करून, नाहीतर सरळ घरात किंवा मळ्यात बसून घ्या. डिसेंबर म्हणजे ऐन गळीत हंगाम, ऊस भरलेले ट्रॅक्टर गाणी लावून रस्त्यानं जात असणार. तेव्हा रस्त्याकडेची खोली नको. मागची, परड्याकडची खोली बघा. खिडक्यांना चादरी, जमिनीवर सतरंजी आणि कोपऱ्यात गाद्यांची चवड असली की खोलीचा घुमारा जातो. पंखा बंद, फ्रीज बंद. फ्रीज बंद केला की आपल्या मोटारसायकलची किल्ली त्यातच ठेवायची. नाहीतर रात्री दूध नासल्यावर आठवतं. ही युक्ती मला एका जुन्या साउंड रेकॉर्डिस्टनं शिकवली, आजवर एकदाही फसलेली नाही. सगळ्यांचे मोबाईल विमान मोडवर. देवळातल्या भोंग्याची वेळ, शाळा सुटायची वेळ, शेजारच्या गोठ्यातली धारेची वेळ, या तीन वेळा टाळून मुलाखती लावा.

चरकाचा, चुलवाणाचा, झाऱ्याचा आवाज मात्र वेगळा, स्वच्छ रेकॉर्ड करून घ्यायला सांगा. गूळ ओततानाचा तो जड, मऊ आवाज विकत घेतलेल्या कुठल्याच संगीतात मिळत नाही.

आता मामा. ते बोलणार नाहीत म्हणतात, याची काळजी करू नका. मला तर ते ऐकून बरं वाटलं. आधीच ‘काय बोलायचं ते लिहून द्या’ म्हणणारी माणसं कॅमेऱ्यापुढं सगळ्यात कोरडी होतात. त्यांना काहीही पाठ करायला देऊ नका, कागद तर दाखवूच नका. त्यांना त्यांचं काम करू द्या. पाक तयार झाला की नाही हे थर्मामीटरवर बघायचं तर ११८ अंशांच्या आसपासचा आकडा लागतो. मामा तो आकडा बघत नाहीत. ते झाऱ्यावरचा पाक गार पाण्यात सोडतात, बोटांत गोळी वळतात आणि ठरवतात. ती गोळी, ती बोटं, पाण्याची ती वाटी, हे मला तुमच्या व्हिडिओत बघायचंय. त्यांच्या बोटांना वर्षानुवर्षांच्या चटक्यांनी पडलेले डाग असतील, तेही दिसू देत.

मग त्याच दिवशी संध्याकाळी, माणसं पांगली की, त्यांना नेहमीच्या जागी बसवा. ओट्यावर बसत असतील तर ओट्यावर. प्रश्न दिग्दर्शकानं विचारू नयेत, तुम्हीही नाही. नातवंडांपैकी थोड्या मोठ्यानं किंवा त्यांच्या बरोबरीच्या एखाद्या गुळव्यानं विचारावेत. कॅमेऱ्याशेजारी बसून. ‘आबा, हायड्रॉस घातल्यावर गूळ पिवळा का होतो?’ ‘तुमच्या वेळी लोक कसला गूळ मागायचे?’ ‘हायड्रॉस सोडलं तेव्हा बाजारात भाव किती पडला?’ हा शेवटचा प्रश्न नक्की विचारा. तपकिरी गुळाला सौद्यात पिवळ्याइतका भाव मिळत नाही, तरी तुमच्या घरानं चार वर्षं तो केला. त्यांनी त्या दिवसांबद्दल दोन वाक्यं सांगितली तरी गूळ काळा का या प्रश्नाचं उत्तर मिळालं. ते त्यांच्या बोलीतच असू दे. ‘गुळाचा रंग न्हवं, वास बघाय पायजे’ असं काही ते म्हणाले आणि एडिटरनं ते पुस्तकी करून दुसऱ्याच्या आवाजात घातलं, तर माझ्याकडे तक्रार करा. खाली मराठीत आणि इंग्रजीत ओळी द्या. बरेच लोक आवाज बंद ठेवूनच बघतात, त्यांचंही भागतं.

तेव्हा इंग्रजी बोलणारी मुलगी नको. तुमच्या यजमानांना समजावून सांगा की पुण्यातला दुकानदार त्या मुलीला पुढच्या महिन्यात दुसऱ्याच तेलाच्या व्हिडिओत बघेल. तुम्ही स्वतः बोला. पाठ करू नका, पण तीन गोष्टी ठरवा: तुम्ही कोण, काय घालत नाही आणि काय घालता, ऑर्डर कशी द्यायची. रोज रात्री भांडी आवरताना मोठ्यानं स्वतःशी बोला. दरवेळी शब्द बदलू देत. चौथ्या-पाचव्या दिवशी ते आपोआप सोपं होतं. अडखळलात तर थांबा, श्वास घ्या आणि ते वाक्य पहिल्यापासून म्हणा. अर्ध्यातून जोडायला जाऊ नका, एडिटरला मधला तुकडा जोडता येत नाही.

काय नेसू, हे विचारायला लाजलात, पण तो प्रश्न खराच महत्त्वाचा आहे. सुती साडी, एकरंगी किंवा मोठ्या नक्षीची. बारीक चौकडी आणि बारीक रेघा कॅमेऱ्यात पाण्यासारख्या थरथरतात, इरकलीची बारीक चौकड सुद्धा. पांढरी शुभ्र आणि काळीभोर साडी टाळा. गुळाच्या तपकिरीपुढे गर्द हिरवा किंवा मोरपंखी उठून दिसेल. रेशमी आणि सिंथेटिक साडी नको. एक तर ती सळसळते आणि कॉलर माईक तेवढंच ऐकतो, आणि चुलवाणाजवळ सिंथेटिक कापड जीवावर बेततं. माईक पदराच्या आतल्या घडीला लागतो, त्याची डबी कमरेला खोचायची असते. साउंडवाला पुरुष असतो, तेव्हा तुमच्या ओळखीच्या बाईला आदल्या दिवशी हे लावायला शिकवून ठेवा, म्हणजे संकोच होत नाही. मंगळसूत्र माईकवर आपटतं आणि टकटक ऐकू येते. ते आतल्या बाजूला एका पिननं धरून ठेवा. काचेच्या बांगड्या बोलताना वाजतात, त्या बोलण्यापुरत्या मागे सारा. दोन साड्या तयार ठेवा, एकीवर मळीचे शिंतोडे उडणारच.

सारख्या टी-शर्टबद्दल माझा अनुभव सांगते. एका मिरची कांडपाच्या कारखान्यात मी शूटला गेले होते. मालकांनी हौसेनं आदल्या रात्री भिंतींना ऑइलपेंट दिला होता आणि बायकांना कडक इस्त्रीचे कोरे पांढरे ॲप्रन. भिंती आरशासारख्या चमकत होत्या, दिवा कुठेही लावला तरी दिसत होता. आणि रोज हसत-बोलत काम करणाऱ्या त्या बायका डाग पडेल म्हणून हात अंगाशी धरून उभ्या होत्या. वाईट वाटलं, कारण तो खर्च त्यांनी प्रेमानं केला होता. मी तेव्हा नवखी होते, रेकीला जाऊन हे आधीच सांगायला हवं होतं, ते मी केलं नाही.

तेव्हा शेड रंगवू नका, धुवा. रंगाचे पैसे टोप्या, स्वच्छ नॅपकिन आणि माशांची जाळी यांत घाला. खाण्याच्या वस्तूचा व्हिडिओ लोक थांबवून थांबवून बघतात. अनवाणी पाय वाफ्याजवळ दिसला, तोंडात मावा दिसला, झारा जमिनीवर ठेवलेला दिसला, की गेलंच गिऱ्हाईक. आणि हे दोन दिवसांपुरतं नको, कायमचंच तसं ठेवा. नाहीतर उद्या गिऱ्हाईक स्वतः गुऱ्हाळ बघायला आल्यावर काय दाखवणार? दुसऱ्या कंपन्यांची पोती, खताच्या गोण्या, निवडणुकीचे फ्लेक्स, कोपऱ्यात पडलेलं जुनं टायर चित्रात येणार नाही असं बघा. चुलवाणात चिपाडच जळताना दिसू द्या. काळवंडलेली काहिल आणि धुरानं काळे झालेले वासे मात्र आहेत तसेच राहू देत, त्यांतच तुमच्या गुऱ्हाळाचं वय दिसतं.

कामगारांना आधी नीट सांगा. कॅमेरा का येणार, चित्र कुठे कुठे दिसणार, हे सांगून ज्याला यायचं नसेल त्याला बाजूला राहू द्या. जे तयार असतील त्यांची साध्या मराठीत चार ओळींची लेखी संमती घ्या. शूटमुळे काम रेंगाळेल, त्या वेळेचीही मजुरी द्या. ऊसतोडीला बीडकडची कुटुंबं आलेली असतील तर फडात कॅमेरा न्यायच्या आधी मुकादमाला विचारून भागत नाही, त्या माणसांनाच विचारा. त्यांच्या कोप्यांचं, चुलीपुढच्या बाईचं, पोरांचं चित्र ‘छान दिसतं’ म्हणून कुणी घ्यायला लागलं तर तुम्ही मालकीण म्हणून थांबवा. आणि कुठलंही मूल काम करताना चित्रात येता कामा नये. व्हिडिओसाठी म्हणून नाही, मुळातच नको.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, आणि इथं मी स्पष्ट बोलणार आहे. गूळ डायबेटिसवाल्यांना चालतो, हे वाक्य व्हिडिओत येऊ देऊ नका, पाकिटावर नको, फोनवरही बोलू नका. गुळात बहुतेक भाग साखरेचाच असतो, काळ्या गुळातही. तुमच्या शब्दावर विसंबून एखाद्याच्या आईनं रोज खडा खाल्ला तर तिची साखर वाढेल. अमुक आजारावर गुणकारी अशा जाहिरातींना १९५४ च्या औषध व जादुई उपचार कायद्यानं मनाई आहे आणि त्या यादीत मधुमेह आहे. खाद्यपदार्थांच्या दाव्यांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१८ चे वेगळे नियमही आहेत. तुम्ही इतक्या निष्ठेनं गूळ करता, त्याला खोट्या शब्दाचा टेकू कशाला?

‘सेंद्रिय’चंही तसंच. ऊस कुणाचा, त्याला काय खत घातलं, याला प्रमाणपत्र लागतं. एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सेंद्रिय प्रमाणपत्राच्या सरकारी व्यवस्था, २०१७ च्या नियमांनुसार हे दोन मार्ग आहेत. लहान उत्पादकाला थेट गिऱ्हाइकाला विकताना काही सवलत आहे, पण तुम्ही दुकानांत जाताय. प्रमाणपत्र असेल तर कॅमेऱ्याला दाखवा. नसेल तर तो शब्द सोडा. ‘केमिकलमुक्त’ही म्हणू नका. रसात चुन्याची निवळी घालत असाल तर ती घालताना दाखवा, भेंडीची झाडं ठेचून त्यांचा चीक मळी काढायला वापरत असाल तर ते ठेचताना दाखवा. भेंडीचा चीक हातातून तारेसारखा लोंबतो ते चित्र शहरातल्या कुणी बघितलेलं नसतं. आणि मग तुम्ही सांगा: ‘आम्ही हायड्रॉस घालत नाही, म्हणून आमचा गूळ असा दिसतो.’ हे वाक्य खरं आहे, छोटं आहे आणि तुमचं आहे. प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल असेल तर उत्तम, दुकानदार तो मागतोच. ‘कोल्हापुरी गूळ’ हे नाव भौगोलिक मानांकनाचं आहे. मानांकनाचं चिन्ह वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते, ती झाली नसेल तर अर्ज करून टाका.

व्यवहाराचं थोडक्यात सांगते. टीमशी सगळं कागदावर ठरवा. मोठा व्हिडिओ किती मिनिटांचा, रील्स किती, किती वेळा दुरुस्ती करून देणार, पैसे कोणत्या टप्प्यांवर, जीएसटी धरून ४५ हजार की वर १८ टक्के. आडवा आणि उभा, दोन्ही आकार हवेत हे शूटच्या आधीच सांगा. आडव्या चित्रातून नंतर उभं कापलं की मामांचा कान आणि अर्धी काहिल उरते. पैसे देऊन करून घेतलेल्या चित्रपटाचा पहिला मालकी हक्क, वेगळा करार नसेल तर, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार करून घेणाऱ्याचा असतो. तरीही कच्चं चित्रीकरण हार्ड डिस्कवर मिळणार का, ते लिहूनच घ्या, त्यावरच सगळ्यात जास्त भांडणं होतात. डिस्क तुमची द्या आणि टीम गावातून हलायच्या आधी दोन प्रती झाल्या आहेत हे बघा. सिनेमाचं गाणं मागे नको, हक्कांचा दावा लागून व्हिडिओ उतरतो. ड्रोन मी सोडूनच द्या म्हणेन. उजळाईवाडीचा विमानतळ तुमच्या तालुक्यात आहे, त्याच्या आसपास उडवायला परवानगी लागते, आणि वरून सगळीच गुऱ्हाळं सारखी दिसतात. ते पैसे एका जास्तीच्या रीलमध्ये घाला. त्यातही एक छोटी, तीस सेकंदांची, संक्रांतीच्या आधी हातात पाहिजे असं आत्ताच सांगून ठेवा. तिळगुळाच्या दिवसांत लोक गूळ शोधत असतात, मोठा व्हिडिओ जानेवारीअखेर आला तरी चालेल.

मालाची चित्रं दुसऱ्या दिवशी दुपारी, घरात, खिडकीजवळ. आठ-दहा ढेपा चांगल्या बघून आधीच बाजूला काढा, सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी. दिव्याखाली गूळ घाम धरतो, एक ढेप ओलसर झाली की दुसरी ठेवायची. पाकिटावरचं लेबल नवं, सुरकुती नसलेलं, अन्न सुरक्षा परवान्याचा १४ आकडी नंबर बरोबर छापलेला. तो नंबर दोघांनी एकमेकांना वाचून दाखवा. एक ढेप फोडताना घ्या. पिवळ्या गुळाचा आणि तुमच्या गुळाचा खडा शेजारी शेजारी ठेवून एक चित्र घ्या, कुणाचं नाव न घेता.

टीमच्या जेवणाची चिंता तुमच्या सासूबाईंना लागली असेल, आपल्याकडे पाहुणा उपाशी जाणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. पण तांबडा-पांढरा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, काम संपल्यावर. दोन्ही दुपारी झुणका-भाकरी, ताक, आणि तेही जागेवर. भरल्या पोटी चार माणसं दोन तास पेंगतात आणि तेवढ्यात ऊन निघून जातं.

राहिला चहा. त्याची वेगळी रील करा आणि ती सासूबाईंकडूनच करून घ्या, तुमच्या रोजच्या पातेल्यात, रोजच्या गॅसवर. दूध घालून उकळी आली की गॅस बंद, मग किसलेला गूळ, मग ढवळणं. गूळ घालून वर उकळायचं नाही, हीच तर सगळी गोष्ट आहे, आणि ती त्यांनी हातानं करून दाखवली की सांगायला नको. गॅस बंद करणारा हात जवळून घ्यायला सांगा, आणि कापायला देऊ नका, एकाच तुकड्यात सगळं दिसलं पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील मध्ये कप बदलला. कप काचेचा घ्या, म्हणजे फाटला नाही हे दिसेल. दूध सकाळच्या धारेचं ठेवा, आदल्या रात्रीचं नको. आणि आधी दोन-तीनदा करून बघा, किती गूळ घातला ते चमच्यानं मोजून.